‘मालक आहेत का घरात?’ : अनुदानाच्या यादीत बायकांची नावं का नसतात

कृषी सखी म्हणून (म्हणजे गावातल्या बायकांना शेतीचं मार्गदर्शन करायला) नव्यानं काम सुरू केलेल्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: ‘आमच्या गावात अकरा बचत गट आहेत. पेरणीपासून वेचणीपर्यंत रानात बायकाच दिसतात. पण औजारं, ठिबक, शेततळं यांचं अनुदान कुणाला मिळालं याची यादी काढली, तर बायकांची नावं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातल्या निम्म्या जणींना आपल्या नावावर काही आलंय हेच माहीत नाही. जनजागृतीचे मेळावे घ्या, असं वरून सांगतात. त्यानं फरक पडेल का? सुरुवात कुठून करू?’

ताई, मेळाव्यानं फारसा फरक पडणार नाही. मी विदर्भात सव्वीस वर्षं कृषी खात्यात काढली, आधी कृषी सहाय्यक आणि नंतर पर्यवेक्षक म्हणून. मेळावे मीही भरवले. पहिल्या दोन रांगांत बायका बसवायच्या, फोटो काढायचे, चहा द्यायचा, अहवालात ‘महिला उपस्थिती’चा आकडा भरायचा. त्या मेळाव्यांतून एकही अर्ज आल्याचं मला आठवत नाही. बायकांना योजना माहीत नसतात असं आपण धरून चालतो, आणि चूक तिथंच होते. बहुतेक जणींनी नाव ऐकलेलं असतं. अडतं ते पुढं, चार-पाच ठिकाणी, आणि दर वेळी त्याच क्रमानं. म्हणून एकेक टप्पा सांगतो.

त्याआधी स्वतःची एक चूक कबूल करतो. पहिली दहा-बारा वर्षं मी शेतावर किंवा दारात गेलो की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘मालक आहेत का घरात?’ समोरची बाई गुडघाभर चिखलातून वर आलेली, हातात विळा, आणि मी तिलाच विचारतोय की शेताचं बोलायला कुणी आहे का. एकदा एका काकूंनी सरळ सांगितलं, ‘मालक पारावर बसलेत. तूर कोणती पेरली ते मला विचारा, पत्ते कोणते आले ते त्यांना विचारा.’ मी हसलो, पण वहीत नाव तिच्या नवऱ्याचंच लिहिलं. वहीतलं तेच नाव पुढं प्रशिक्षणाच्या यादीत गेलं, प्रात्यक्षिकाच्या यादीत गेलं, बियाण्याच्या मिनीकिटच्या यादीतही गेलं. खात्यातल्या माणसाच्या सवयीतून बाई अशी गळते. त्यासाठी कुणी दुष्ट असावं लागत नाही.

आता पहिला आणि सगळ्यात मोठा अडथळा, म्हणजे सातबारा. २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण कामकरी स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के शेतीत आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेत मात्र वहितीधारकांमध्ये, म्हणजे शेतीचा कारभार ज्यांच्या नावे नोंदला जातो त्यांच्यात, स्त्रियांचं प्रमाण १३.९६ टक्के होतं. ही तफावतच तुमच्या यादीत दिसते. योजनेच्या कागदात ‘शेतकरी’ म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे तो. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणानं शेतकऱ्याची व्याख्या बरीच रुंद केली होती, त्यात कूळ, बटईदार, शेतमजूरही आले होते. कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांसाठी खासगी विधेयकही मांडलं. धोरण धोरणाच्या जागी राहिलं, विधेयकाचा कायदा झाला नाही, आणि अर्जाच्या पहिल्या पानावर गट क्रमांकाची चौकट आहे तशीच आहे.

गावातल्या बायकांचे सातबारे काढून बघा, म्हणजे अडचण एकच नाही हे कळेल. काही ठिकाणी आजेसासऱ्यांचंच नाव असतं, त्यांना जाऊन वीस वर्षं झालेली असतात. काही ठिकाणी थोरल्या दिराच्या नावापुढं ‘एकुमॅ’ लिहिलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन चौघा भावांची, नाव एकाचं, आणि धाकट्या भावाची विधवा कुठंच नाही. काही जुन्या उताऱ्यांवर बाईचं नाव असतंही, पण ‘अमुकबाई भ्र. तमुक’ असं. भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. आधार कार्डावर त्याच बाईचं नाव वेगळं, आडनाव कधी माहेरचं, ‘बाई’ कधी आहे कधी नाही. माणूस एकच असला तरी कागदावर त्या दोन बाया होतात.

प्रत्येक प्रकाराचा इलाज वेगळा आहे, म्हणून बायकांची वर्गवारी आधी करा.

ज्यांचे पती वारलेत त्या पहिल्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात, मृत्युपत्र नसेल तर, विधवा, मुलं, मुली आणि मृताची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत आणि त्यांना सारखा वाटा आहे. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, फक्त वारस नोंद लागते. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच) मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती देऊन अर्ज करायचा. महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून घरबसल्याही करता येतो. फेरफार, म्हणजे सातबारावरच्या बदलाची नोंद, धरला की हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे ही खबर तीन महिन्यांत द्यायची असते. प्रत्यक्षात दहा-दहा वर्षं कुणी जात नाही, कारण घरात कुणीतरी म्हणतं, ‘आत्ताच कशाला? वाटणी मागतेय असं दिसेल.’ २०२५ च्या एप्रिलमध्ये महसूल खात्यानं ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर घेतली ती याच तुंबलेल्या नोंदींसाठी. अशी मोहीम पुन्हा निघाली तर तुमची यादी तयार असली पाहिजे. बाईला मात्र हेही सांगा, की वारस नोंद झाली म्हणजे जमीन एकटीची झाली असं नाही. खातं सामायिक होतं, आणि विहीर, शेततळं अशा जमिनीत कायमच्या बसणाऱ्या कामाला सहहिस्सेदारांची संमती मागितली जाते. आधी हे कळलं नाही तर बाई दुसऱ्या फेरीत खचते.

दुसऱ्या, ज्यांचे पती हयात आहेत त्या. यांचं प्रमाण सगळ्यात मोठं, आणि यांच्याबाबत कायद्याचा जोर सगळ्यात कमी. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मी मुक्ती’चा कार्यक्रम गावोगाव नेला. त्यात पुरुषांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करायची होती. त्याच्या रेट्यातून १९९२ मध्ये शासनाचं परिपत्रक आलं, की पतीनं अर्ज केला तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबारावर लावता येतं. ते आजही लोक वापरतात. काही ठिकाणी तलाठी म्हणतात की नोंदणीकृत दस्ताशिवाय नाव चढत नाही. तेव्हा परिपत्रकाची प्रत हातात ठेवा आणि आवाज न चढवता तहसीलदारांकडे जा. घरातच रीतसर वाटप करायचं असेल तर संहितेचं कलम ८५ आहे, सगळ्या हिस्सेदारांच्या संमतीनं तहसीलदारांसमोर होतं. पण दोन्ही रस्ते नवऱ्याच्या सहीपाशी येऊन थांबतात. ती सही कशी मिळते, यावर पुढं बोलतो.

तिसऱ्या, माहेरच्या जमिनीत वाटा असलेल्या. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, फक्त त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अटही गेली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असायलाच हवेत असं नाही. हक्क इतका पक्का असूनही गावोगाव हक्कसोडपत्रं होतात. बहीण एका साडीवर सही करते, कारण भाऊबीजेला माहेरचं दार उघडं राहायला हवं असतं. मी यात कधी पडलो नाही, तुम्हीही पडू नका. कृषी सखीनं माहेरचा वाटा मागायला लावला अशी बोंब एकदा झाली की त्या गावात पुढची पाच वर्षं तुमचं कुणी ऐकणार नाही. माहिती द्या, निर्णय तिच्यावर सोडा.

आदिवासी पट्ट्यांत हिशोब वेगळा आहे. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, तिथं रूढी चालते. पण २००६ च्या वन हक्क कायद्यानं मिळालेला वनपट्टा विवाहित असल्यास पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्त असतो, हे कायद्यातच लिहिलंय. पट्टा काढून बघा, बाईचं नाव त्यावर सापडेल. मी पाहिलेल्या घरांत तो पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत आढ्याला टांगलेला असायचा, आणि त्यावर आपलं नाव आहे हे त्या बाईला मीच वाचून दाखवलं.

सातबारा झाला की दुसरं दार म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक. २०२५ च्या एप्रिलपासून राज्यात कृषी योजनांसाठी अॅग्रिस्टॅक या सरकारच्या डिजिटल शेतकरी नोंदणीतला हा क्रमांक लागतो. तो आधार आणि जमिनीची नोंद जोडून बनतो. म्हणजे नावातला जो फरक पूर्वी कार्यालयातला बाबू डोळ्यांनी बघून ‘ठीक आहे’ म्हणायचा, तो आता संगणक बघतो, आणि संगणकाला संगीता आणि संगीताबाई एक वाटत नाहीत. सामायिक खात्यात प्रत्येक खातेदाराला स्वतःचा क्रमांक काढता येतो. हे मुद्दाम सांगा, कारण सेवा केंद्रावर ‘घरातल्या एकाचा झाला ना, बास’ असं म्हणून बाईला परत पाठवलं जातं. आधारवरचं नाव दुरुस्त करणं सातबारावरचं नाव दुरुस्त करण्यापेक्षा सोपं असतं. पण आधार बदललं की बँक, रेशन, गटाचं खातं सगळीकडे नाव जुळवावं लागतं. कोणतं टोक हलवायचं हे प्रत्येकीचे सगळे कागद एकत्र पसरून ठरवा. घाईनं एक दुरुस्त करायला जाऊन दोन बिघडवलेली उदाहरणं माझ्याकडे भरपूर आहेत.

मग येतो मोबाईल. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अनुदानाचा अर्ज भरताना ओटीपी येतो, निवड झाल्याचा संदेश येतो, कागदपत्रं ठरलेल्या मुदतीत चढवा असा संदेश येतो. तो येतो कुठं? मुलाच्या फोनवर, आणि मुलगा पुण्याला कंपनीत. किंवा रिचार्ज संपून बंद झालेल्या नंबरवर. एका वर्षी माझ्या सर्कलमध्ये निवड झालेल्या सहा बायकांपैकी चौघींचे अर्ज कागदपत्रं वेळेत न चढवल्यानं बाद झाले. चौघींनाही निवड झाल्याचं अर्ज बाद झाल्यानंतर कळलं, तेही माझ्याकडून. पूर्वी सोडत निघायची तेव्हा निदान वाट बघायला वेळ असायचा. २०२५-२६ पासून आधी येणाऱ्याला आधी असं झालंय. सोडतीतल्या नशिबापेक्षा हे बरं, असं पुरुष शेतकरी म्हणतात आणि त्यांच्यापुरतं ते खरंही आहे. पण ज्याच्या हातात फोन आहे, कागद तयार आहेत आणि सेवा केंद्र चालवणारा ज्याचा मित्र आहे, तोच आधी पोहोचतो. ज्या बाईला तालुक्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी आणि सासूची परवानगी दोन्ही लागतं, ती रांगेत मागेच राहते.

बँकेचं थोडक्यात सांगतो. अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात जातं, आणि एका आधारला अशा व्यवहारासाठी एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं. बाईनं पासबुक एका बँकेचं दाखवलं आणि जोडणी दुसऱ्याच बँकेला असली तर पैसे त्या दुसऱ्या खात्यात पडतात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा लाखो बायकांनी रांगा लावून आधार जोडणी करून घेतली. ते काम आता आपल्याला आयतं मिळालंय. फक्त कोणत्या खात्याला जोडणी आहे ते तपासून घ्या.

लाडक्या बहिणीचा विषय निघालाच आहे तर त्यातून उठलेली एक भीतीही सांगतो, कारण अलीकडे हा अडथळा मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. ‘माझ्या नावावर जमीन आली, अनुदान आलं, तर पंधराशे बंद होतील.’ खरं काय आहे? ज्या बाईला स्वतःच्या नावानं पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि नमो शेतकरी योजनेचे ६,००० मिळतात, तिला लाडकी बहीणमध्ये महिना १,५०० ऐवजी ५०० मिळतात. एकूण बेरीज तेवढीच राहते, पण हप्ता कमी आलेला दिसला की ‘कापले’ हीच बातमी गावात फिरते. हा नियम दुसरीकडून मिळणाऱ्या नियमित अर्थसाह्याबद्दल आहे. ठिबकच्या किंवा औजाराच्या अनुदानाशी त्याचा संबंध नाही. चारचाकी असली तर अपात्र, या अटीतूनही ट्रॅक्टर वगळलेला आहे. आणखी एक: पीएम किसानसाठी जमीनधारणेची तारीख १ फेब्रुवारी २०१९ आहे, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अज्ञान मुलं असं एक युनिट. आज लक्ष्मी मुक्तीतून नाव लागलेल्या बाईला त्यामुळे वेगळा हप्ता सुरू होणार नाही. तसं आश्वासन चुकूनही देऊ नका. पतीच्या मृत्यूनंतर वारसानं आलेल्या जमिनीला मात्र या तारखेतून सूट आहे.

आता पैशाकडे येतो. माझ्या मते सातबाऱ्यानंतरचा सगळ्यात कठीण टप्पा हाच, आणि त्यावर मेळाव्यात कुणी बोलत नाही. अनुदान म्हणजे सरकार पैसे देतं असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात सरकार पैसे परत देतं. आधी पूर्वसंमती, म्हणजे खरेदीआधीची मंजुरी, मग स्वतःच्या पैशानं पूर्ण किमतीची खरेदी, मग बिल चढवायचं, मग मोका तपासणी, म्हणजे जागेवर येऊन पाहणी, आणि मग कधीतरी खात्यात रक्कम. पूर्वसंमतीच्या आधीचं बिल चालत नाही, आणि पूर्वसंमतीनंतर खरेदीची मुदत मोजकी असते. म्हणजे १ लाखाचं औजार ५० टक्के अनुदानावर घ्यायचं तरी पहिल्या दिवशी १ लाख हातात लागतात. पुरुष शेतकरी सोसायटी, अडत्या, सोयरे, कुठून तरी ते उभे करतो. बाईकडे तारण काय? जमीन नावावर नाही किंवा सामायिक, आणि दागिना मोडायचा तर घरात विचारावं लागतं.

हिशोब करून बघा. अर्धे पैसे घरातून निघाले आणि ५० हजार बाहेरून महिन्याला शेकडा दोननं उचलले. अनुदान यायला आठ महिने लागले तर व्याज झालं ८,०००. शेकडा तीन असेल तर १२,०००. म्हणजे ५० हजारांच्या अनुदानातला सहावा ते चौथा हिस्सा सावकारानंच नेला. एका विक्रेत्यानं आमच्या भागात बायकांना उधारीवर औजारं दिली होती, त्या बदल्यात कोरे धनादेश घेऊन. अनुदान आल्यावर किती रक्कम भरली गेली हे त्या बायकांना शेवटपर्यंत कळलं नाही. मी तेव्हा तक्रार लिहायला सांगितली, कुणी लिहिली नाही. पुढच्या हंगामात त्यालाच बियाणं मागायचं होतं ना!

इथं मात्र तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी माझ्या हातात नव्हती, ती म्हणजे बचत गट. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांना बँकांकडून ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्के दरानं मिळतं. तेच ५० हजार या दरानं आठ महिन्यांसाठी घेतले तर व्याज अडीच हजारांच्या आत राहतं. युक्ती तारखेची आहे. गटाचा कर्जप्रस्ताव पूर्वसंमती आल्यावर हलवला तर खरेदीची मुदत निघून जाते. अर्ज टाकला त्याच आठवड्यात गटाच्या बैठकीत ठराव घ्यायचा, की हिची पूर्वसंमती आली तर गटाचं कर्ज पहिल्यांदा हिला. आणि फेडीचा हप्ता अनुदानावर अवलंबून ठेवायचा नाही. अनुदान उशिरा येणार असंच धरून हप्ता बसवायचा.

यानंतर एक बोचरी गोष्ट. अनुदानाचा दर तरी बाईच्या बाजूनं आहे ना? कृषी यांत्रिकीकरणात महिलांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के, असं दिसायला आहे. पण अल्प आणि अत्यल्प, म्हणजे पाच एकरांपर्यंतच्या भूधारकांनाही ५० टक्केच आहेत. ठिबक-तुषारला तर केंद्राचं आणि राज्याचं मिळून अल्प-अत्यल्पांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के, तिथं बाई-पुरुष असा भेदच नाही. पाच एकराच्या आतल्या घरात बायकोच्या नावानं अर्ज केल्यानं दरात एक पैसाही वाढत नाही. मग नवरा म्हणतो, ‘माझ्या नावानं टाकतो, तुझी धावपळ कशाला?’ आणि त्याच्या हिशोबानं तो चुकीचं बोलत नसतो. उलट जिथं जमीन जास्त आहे तिथं हाच हिशोब पालटतो. बायकोच्या नावे हिस्सा केला की खाती लहान होतात, दर वाढतो, आणि महिलांसाठी राखलेल्या हिश्शातही नंबर लागतो. नवऱ्याची सही मिळवायची असेल तर समतेचं भाषण करू नका, हा हिशोब कागदावर मांडा. मी पाहिलेल्या लक्ष्मी मुक्तीच्या अर्जांतले निम्मे तरी या आकडेमोडीतून आले. काहींना हे पटत नाही, त्यांच्या मते हक्क हक्क म्हणूनच मिळाला पाहिजे. मलाही तत्त्वानं ते पटतं. पण बाईचं नाव सातबारावर चढलं की ते पुढं तिच्या उपयोगी पडतं, मग ते कोणत्या लोभानं चढलं याची चौकशी मी करत नाही.

यातूनच मात्र ‘कागदावरच्या बाया’ तयार होतात, ज्यांचा उल्लेख तुम्ही केलाय. महिलांच्या हिश्शात नंबर लागावा म्हणून नवऱ्यानं तिच्या नावे टाकलेला अर्ज, अंगठा तिचा, यंत्र त्याचं, भाड्यानं फिरवून आलेला पैसाही त्याचा. मोका तपासणीला गेलं की ओळखू येतं. फोटोसाठी बाईला यंत्राशेजारी उभं करतात आणि ती ते पहिल्यांदाच जवळून बघत असते. याला नियमानं आळा घालता येत नाही, पण तपासणीच्या वेळी तुम्ही तिथं असाल तर यंत्र बाईलाच सुरू करायला सांगा. दोन-तीन वेळा असं झालं की गावात कळतं, आणि निदान चालवायला तरी शिकवतात. पॉवर विडर, म्हणजे तण काढायचं यंत्र, चालवणाऱ्या तीन बाया मी अशाच तयार झालेल्या पाहिल्या. त्यातली एक आता दुसऱ्यांच्या रानात भाड्यानं जाते.

औजारांचं आणखी एक. ट्रॅक्टरचलित औजाराला ट्रॅक्टर लागतो. तो घरातल्या कुणाच्या नावे असला तरी चालतो, त्याची नोंदणी कागदपत्रं जोडावी लागतात. बाईच्या नावे ट्रॅक्टर नाही म्हणून परत पाठवलं, असं कुणी सांगितलं तर नियम पुन्हा विचारा.

ज्यांच्या नावे जमीन नाहीच आणि येण्याची शक्यताही नाही, त्यांना सातबाऱ्याच्या दारात उभं करून दमवू नका. बटईनं किंवा मक्त्यानं करणाऱ्या बायका लेखी करार आणू शकत नाहीत. कसणाऱ्याला जमिनीवर हक्क देणाऱ्या कूळ कायद्याची धास्ती जमीनमालकाच्या मनातून अजून गेलेली नाही. लिहून दिलं की कूळ लागेल, या भीतीनं तो साधी चिठ्ठीही देत नाही. अशांसाठी सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची पीएमएफएमई योजना बघा. तिथं सातबारा लागत नाही. ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, आणि गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या सभासदाला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल. डाळ मिल, मसाला कांडप, पापड हे तिथं बसतं. फवारणीच्या ड्रोनसाठीच्या नमो ड्रोन दीदी योजनेत अनुदान गटाला आहे, ८० टक्के, कमाल ८ लाख. पण ड्रोन उडवायचं प्रशिक्षण घरापासून लांब, राहून घ्यावं लागतं. कुणाला पाठवायचं हे शैक्षणिक पात्रतेआधी ‘मुलं कोण सांभाळेल’ यावर ठरतं, हे धरूनच नाव सुचवा. आणि शेतकरी कुटुंबांसाठीची गोपीनाथ मुंडे अपघात योजना विसरू नका. खातेदाराशिवाय घरातली सातबारावर नाव नसलेली एक व्यक्तीही त्यात धरलेली आहे. रानात साप चावून किंवा वीज पडून बाई गेली आणि ‘तिच्या नावावर शेत नव्हतं’ म्हणून घरच्यांनी अर्जच केला नाही, असं मी स्वतः दोनदा पाहिलंय. मृत्यू झाल्यास मदत २ लाखांची असते.

मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं बायकांना घरच्याच जमिनीतला एखादा एकर स्वतःच्या निर्णयानं कसायला मिळावा, असं काम केलं. त्या एकरावर काय पेरायचं ते बाई ठरवते. मालकी त्यानं मिळत नाही, अनुदानाच्या अर्जालाही ते चालत नाही. तरी मी हे सांगतो, कारण एक एकर स्वतः ठरवून पिकवलेली बाई पुढच्या वर्षी तुमच्याकडे येते तेव्हा ‘काय मिळतंय?’ असं विचारत नाही. ‘मला तुषार संच पाहिजे, किती इंची?’ असं विचारते. कार्यालयात गेल्यावरही ती दारात थांबत नाही.

कार्यालयांबद्दल काय बोलू? वेळ दहा ते सहा, शेवटची एसटी साडेचारची, स्वच्छतागृह कुलूपबंद. प्रशिक्षण जुलैत भर निंदणाच्या दिवसांत, दुपारी बाराला. हे बदलणं तुमच्या हातात नाही, माझ्याही नव्हतं. पण प्रशिक्षणाची तारीख सुचवणं तुमच्या हातात असतं. गटाच्या बैठकीच्या रात्रीच, समाजमंदिरात, तासाभराचं घ्या. कृषी सहाय्यक येत नाहीत असं नाही, त्यांना बोलावलं जात नाही.

आता सुरुवात कुठून, ते सांगतो. फेब्रुवारी ते मे हे चार महिने कागदांचे, रान मोकळं असतं. अकरापैकी दोनच गट घ्या, सगळे नको. प्रत्येक बाईसाठी एक पिशवी करा: सातबारा, आठ अ (खात्याचा उतारा), आधार, पासबुक, चालू मोबाईल नंबर. सातबारे महाभूलेख संकेतस्थळावरून गटाच्या बैठकीतच काढा, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, ‘भ्र.’ म्हणजे काय, ‘एकुमॅ’ म्हणजे काय. माझ्या अनुभवात ती बैठक कुठल्याही मेळाव्यापेक्षा जास्त रंगते, कारण अर्ध्या जणींनी स्वतःच्या घरचा उतारा कधीच वाचलेला नसतो. मग विधवांच्या वारस नोंदी आधी घ्या. हरकत नसली तर हे काम सगळ्यात लवकर होतं, आणि एक नोंद झालेली दिसली की बाकीच्या आपोआप विचारू लागतात. नावांतले फरक त्याच महिन्यांत मिटवा, ओळख क्रमांक काढा. ज्या गावात तलाठी आठवड्यातून एकदाच येतो तिथं त्या दिवशी दहा बाया एकत्र घेऊन जा. एकटीला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणणं सोपं असतं, दहा जणींना नसतं.

अर्ज सगळ्यात शेवटी, आणि पहिला अर्ज लहान वस्तूचा टाका. फवारणी पंप, बियाणं, असं काहीतरी ज्यात पदरचे थोडे पैसे अडकतात. एकदा खात्यात अनुदान पडलेलं बघितलं की ठिबकला भीती वाटत नाही. अर्जात मोबाईल नंबर बाईचा नसेलच तर नातेवाइकाचा टाकण्यापेक्षा गटाच्या सचिवांचा टाकता येईल का ते तिलाच विचारा, आणि दर सोमवारी संदेश बघायची जबाबदारी कुणाची ते ठरावात लिहा.

पिशव्या भरताना पहिल्या कागदावर तिचं पूर्ण नाव लिहून घ्याल, तेव्हा ते तिच्याच तोंडून घ्या. बऱ्याच जणी ‘ह्यांचं नाव लिहा ना’ म्हणतील. काही जणी आधी माहेरचं सांगतील, मग लग्नात बदललेलं, मग आधारवरचं. तिन्ही लिहा, कारण तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारात यातलं कोणतं सापडेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही.